दोन विहिणींचे लाडू आणि चंद्री म्हैस

"मॅडम, ही गोडंबी हाय," सलीमभाई म्हणाले.

ते शेणाशेजारी उकिडवे बसले होते. हातात काडी, काडीच्या टोकाला एक पांढुरका तुकडा. मी चष्मा पुसून वाकले. गोडंबीच होती. म्हशीच्या शेणात.

ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या बीमधला गर. चवीला बदामासारखा. बिब्बा फोडताना हात उततात, म्हणून ती महाग. आमच्याकडे ती बाळंतिणीच्या लाडवात घालतात आणि एरवी डब्याच्या तळाशी लपवून ठेवतात. जावयालासुद्धा हात आखडूनच वाढतात. म्हशीला तर कुणीच घालत नाही.

"नीट बघा. शेंगदाणा असेल."

"मॅडम, आमच्या घरात इतकी बाळंतपणं झाली. आधे लाडू बेगमनं खाल्ले, आधे मी. गोडंबी मी डोळे मिटून वळखतो."

सलीमभाई आमचे ड्रेसर. जखमा धुणं, जनावर धरणं, औषध पाजणं, आणि मी चिडले की मालकाला बाजूला नेऊन गार करणं ही त्यांची कामं. मी जनावरांची डॉक्टर. घनसावंगी तालुक्यातल्या एका सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी नोकरी. लोक मला ढोराची डॉक्टरीण म्हणतात, मला त्याचं काही वाटत नाही. आवाज माझा मोठा आहे. जन्मभर बैलांशी बोलून तसा झाला असं आमचे मिस्टर म्हणतात. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. या गोष्टीतल्या दोन्ही विहिणी ठणठणीत आहेत आणि दोघींकडे माझा मोबाईल नंबर आहे.

आसारामभाऊंचा फोन सकाळीच आला होता. "बाई, जल्दी या. चंद्रीला कुणीतरी घातलं."

घातलं म्हणजे विष घातलं. चंद्री त्यांची म्हैस. नुकतीच व्यालेली, घरातली सगळ्यांत लाडकी. त्याच सुमारास त्यांची मुलगी शीतल हिचंही बाळंतपण झालं होतं. पहिलं होतं, म्हणून माहेरी. म्हणजे खोलीत एक बाळंतीण आणि गोठ्यात एक.

चंद्री मान टाकून उभी होती. रवंथ बंद. जनावराचं मोठं पोट डाव्या बाजूला असतं, तिथं मूठ दाबली की कणकेत रुतावी तशी रुतत होती. शेण पातळ, आंबूस. ही विषाची लक्षणं नव्हती. लग्नाच्या पंगतीतून आलेल्या माणसाची होती.

"भाऊ, हिला काय जास्तीचं घातलं? पीठ? गूळ?"

"बिलकुल न्हाई. पेंड, कडबा, घास. रोजचंच बराबर मापात. बाई, ह्यो बंड्याचा कारभार हाय."

बंडू त्यांचा चुलतभाऊ. त्याचा गोठा या गोठ्याला लागून, मधे कमरेइतकी भिंत. परतूरच्या रस्त्यावर जीप चालवतो. शेताच्या बांधावरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

"पहिलं चंद्रीचं दूध वाढलं, तवा त्याची नजर लागली," आसारामभाऊ सांगू लागले. "मंग डेअरीतून दूध परत आलं. आता हिनं चारा सोडला. अजून काय पाहिजे?"

"दूध परत कशामुळं आलं?"

"वास मारतं म्हणले."

"कसला?"

आसारामभाऊ जरा ओशाळले. "मेथीचा."

मी पुन्हा वाकले आणि शेण हुंगलं. आमच्या धंद्यात नाक हे पहिलं यंत्र असतं, लोकांना किळस वाटली तरी. मेथी होती. मेथीच्या मागून सुंठ. आणि सुंठीच्या मागून साजूक तूप. नोकरीत मी पुष्कळ शेणं हुंगली आहेत, पण भूक लागावी असं हे पहिलंच.

"भाऊ," मी विचारलं, "घरात लाडू आहेत का?"

हा प्रश्न मी हळू विचारायला हवा होता. माझा आवाज मागच्या दारातून आत गेला आणि आतून दोन बायका बाहेर आल्या. दोघींच्या हातात ताटली. दोन्ही ताटल्यांत लाडू.

पहिल्या कांताबाई, शीतलची आई. दुसऱ्या सुमनबाई, शीतलच्या सासूबाई, परतूरहून आलेल्या. नातीला बघायला म्हणून आल्या होत्या आणि मुक्कामच ठोकला होता.

"घ्या ना बाई," कांताबाई म्हणाल्या. "मेथीचे हायत. डिंक, खारीक, खोबरं समदं घातलंय. दूध असं फुटतं का बस."

"कांताबाई, मी रिटायर व्हायला आलेय. मला दूध कशाला फुटायला पाहिजे?"

"मंग आमचे घ्या," सुमनबाईंनी दुसरी ताटली पुढं केली. "अळिवाचे. गोडंबी लई हाय. मेथी कडू पडती, बाई. दुधात उतरती. म्हणून तर लेकरू तोंड फिरवून राह्यलंय."

"अळीव गरम पडतं, इहीनबाई."

"तुमच्यात पडत असंल. आमच्या परतुरात न्हाई पडत."

सलीमभाईंनी एव्हाना हात धुऊन दोन्ही ताटल्यांतला एकेक उचलला होता. त्यांनी अळिवाच्या लाडवातली गोडंबी दातांनी अर्धी केली, मला दाखवली आणि मान हलवली. पंचनामा झाला.

प्रकार माझ्या लक्षात येत चालला होता. बाळंतपणात लाडू माहेरचेही येतात आणि सासरचेही. त्यात वाईट काही नाही, कौतुकच असतं ते. पण इथं दोघींनी पैज लावली होती. कोणाच्या लाडवानं दूध येतं बघू. आणि निकाल लागत होता लेकराच्या रडण्यावर. लेकरू रडलं की कांताबाई म्हणायच्या, तुमचे लाडू अंगी लागत न्हाईत. आणि आपला एक द्यायच्या. पुन्हा रडलं की सुमनबाई. लेकरू काय, रडायचंच. त्यात भेटायला येणारी प्रत्येक आत्या, मावशी आपला डबा घेऊन येत होती आणि समोर बसून खाऊ घालत होती.

तेवढ्यात ते रडलंच. दोघी ताटल्या घेऊन आत धावल्या.

बाळंतिणीच्या खोलीची खिडकी गोठ्यात उघडत होती. गजांची जुनी खिडकी, आणि बरोबर तिच्याखाली चंद्रीची गव्हाण. खिडकीच्या दगडावर तुपाचा डाग पडला होता, बोट लावलं तर चिकट. आतून बांगड्या वाजल्या. खिडकीत एक हात दिसला.

तो हात बघून चंद्री एवढी आजारी असताना दोन पावलं मागं सरकली. दाव्याला हिसका बसला.

सलीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी सलीमभाईंकडं बघितलं. खिडकीतल्या हातानं मला बोलावलं.

हात धुवायच्या निमित्तानं मी आत गेले. दोघी विहिणी ओसरीत लेकराला आळीपाळीनं थोपटत होत्या. खोलीत शेगडी, ओव्याची धुरी, दार बंद. खिडकी सोडली तर श्वास घ्यायला जागा नव्हती. शीतल बाजेवर बसली होती. कानाला पट्टा, पायात मोजे, तोंड लाल. कोनाड्यात दोन स्टीलचे डबे समोरासमोर. त्यांच्या मधे दुधाच्या पावडरीचा एक नवा डबा आणि बाटली.

"बाई, चंद्री मरंल का?" तिनं हळूच विचारलं.

"नाही मरणार. किती घातलेस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आधी रोज थोडे थोडे. दोघी समोर बसतात. मी अर्धा खाते, बाकीचा पदरात. त्या उठल्या की खिडकीतून. चंद्री मान वर करूनच उभी राहायची. परवा आमच्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, त्या म्हणल्या, डबा रिकामा झाला की ताजे करते. आई म्हणली, मी पण करते. मला भ्या वाटलं. म्हणून मी दोन्ही डबे रिकामे केले. मावशीचा पण."

"एकदम?"

"एकदम."

तूप, गूळ, कणीक, डिंक. डबेच्या डबे, म्हशीच्या पोटात, एका दमात. जनावराच्या पोटात चारा आंबवून पचवायची सोय असते. त्यात असं गोड पीठ एकदम पडलं की आंबणं हाताबाहेर जातं, आम्ही त्याला ॲसिडोसिस म्हणतो. माणसांच्या भाषेत जळजळ म्हणा, पण हंडाभर. यानं जनावर दगावतंही.

मला राग आला. "अगं, तुला तोंड नव्हतं का? नको म्हणायचं ना!"

"तुम्ही म्हणून बघा त्या दोघींना," ती म्हणाली. "मंग सांगा."

असं कुणी मला सहसा बोलत नाही. मी तिचा हात धरला. हात चटका बसेल इतका गरम होता.

"ताप आहे तुला."

"कालपासून. हिकडं उजव्या बाजूला दगड झालाय. हात लावू देत न्हाई. सांगितलं तर म्हणतेल, दूध आटलं म्हणून गाठ झाली, घे अजून एक. अन् लेकरू तोंड लावलं की ठसकतं, सोडून देतं, रडतं. म्हणून दोघींनी ठरवलंय, उद्यापासून बाटली. एवढ्या एकाच गोष्टीवर दोघींचं जमलं." ती रडायला लागली. "बाई, मला पाजायचंय. मला दूध हाय. उलट लई हाय."

"पाणी पितेस का?"

"फुलपात्रभर देतात. पोट सुटंल म्हणतात."

बाहेर चंद्रीपुढं दोन बादल्या पाणी ठेवलेलं होतं. माझं डोकंच फिरलं. मी उठले ती सगळ्यांना सोलून काढायलाच. पण तिनं माझा पदर धरला. "माझं नाव सांगू नका. आत्याबाईंचे लाडू म्हशीला घातले कळलं तर जन्मभर ऐकावं लागंल."

कबूल केलं. कबूल करून बाहेर आले तर गोठ्यात वेगळीच लढाई चालू होती.

झालं असं की सलीमभाईंनी कामाला सुरुवात केली होती. अशा केसमध्ये खायचा सोडा पाण्यातून पाजतात, सलाईन लावतात. आणि एक जुना, खात्रीचा उपाय आहे. धडधाकट जनावर रवंथ करत असताना त्याच्या तोंडातला रवंथ काढून आजारी जनावराला भरवायचा. त्यात पचनाचे चांगले जीवाणू असतात. आणि जवळचं धडधाकट जनावर म्हणजे भिंतीपलीकडची बंडूची म्हैस.

"त्याच्या म्हशीचं उष्टं माझी चंद्री खाणार न्हाई!" आसारामभाऊ ओरडत होते.

"उष्टं न्हाई, भाऊ, औषध हाय ते," सलीमभाई समजावत होते.

"त्यानंच इष घातलं अन् त्याच्याच म्हशीचं औषध? मी घनसावंगीला चाललो, पोलिसात. बाई, तुम्ही लिहून द्या."

भिंतीपलीकडून बंडूचं डोकं वर आलं. "दादा, मी कशाला घालू रे? लेकीचं बाळंतपण हाय तुझ्या घरी, मी असं करीन का?"

"तोंड वर करून बोलतो!"

विषप्रयोगाचा संशय म्हटलं की आम्हाला वर कळवावं लागतं. मी जालन्याला साहेबांना फोन लावला.

"पॉयझनिंग आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, सर. जास्त खाण्यामुळं झालंय."

"काय खाल्लं?"

मी खिडकीकडं बघितलं. "चौकशी चालू आहे, सर."

"कोणाची? म्हैस सांगणार आहे का तुम्हाला?"

"सर, म्हशीनं सांगितलंय. बाकीचे सांगायचे राहिलेत."

साहेबांनी एक उसासा टाकला. तालुक्यातल्या डॉक्टरांना आठवड्यातून एकदा तरी हा उसासा ऐकायला मिळतो. "मालक तक्रार करणार असेल तर सॅम्पल घ्या, नाही तर त्याला समजावा," म्हणाले आणि ठेवला फोन.

समजावू काय? खरं कारण माझ्या तोंडात होतं आणि मी शब्द देऊन बसले होते. इकडं आसारामभाऊंनी मोटारसायकलला किक मारली होती. बंडू भिंतीवर चढून शपथा घेत होता. चंद्री कण्हत होती.

आणि मागचं दार उघडलं. शीतल बाहेर आली. कानाला पट्टा, अंगावर शाल, पायात मोजे, तशीच, दिवसाढवळ्या, गोठ्यात.

"अगं वारं लागंल!" दोन्ही विहिणी एका सुरात किंचाळल्या.

"बाबा, गाडी बंद करा," शीतल म्हणाली. तिनं खांबाचा आधार घेतला. "बंडूकाकानं काही घातलं न्हाई. चंद्रीला मी घातले. लाडू."

गाडी बंद झाली. सलीमभाईंनी उगाच टोपी काढून पुन्हा घातली. मला वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही. मी बाह्या सरसावल्या.

मग दोन्ही विहिणींनी एकाच वेळी एकच प्रश्न विचारला.

"कुणाचे?"

शीतल गोंधळली. "दोघींचे."

"जास्त कुणाचे?" सुमनबाई.

"लक्षात न्हाई."

"माझ्या लाडवानं म्हैस आजारी पडायची न्हाई," कांताबाई म्हणाल्या. "साजूक तूप हाय. हे अळिवाचं काम हाय."

"का म्हणून? शेणात मेथीचा वास हाय, अळिवाचा न्हाई!"

"गोडंबी कुणाची निघाली मंग?"

तेवढ्यात आसारामभाऊंच्या डोक्यात काहीतरी आलं. "थांबा थांबा. पहिलं दूध वाढलं ते मंग कशानं?"

दोघींनी लगेच मोर्चा फिरवला.

"मेथीनं! मेथीशिवाय दूध वाढत असतं व्हय?"

"अळिवानं वाढलं, इहीनबाई. मेथीनं तर डेअरीतून परत आलं."

जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती पोर तापानं फणफणत खांबाला टेकली होती. लेकरू ओसरीत रडत होतं. आणि या दोघी म्हशीच्या दुधाच्या श्रेयावरून भांडत होत्या.

"गप्प बसा!" मी ओरडले. बंडूची म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली.

"इकडं या दोघी. ही कास बघा. चंद्री नुकतीच व्यालीय, व्याल्यावर दूध चढतंच. आणि तिची रेडी ढुसण्या देऊन पिते, सगळी कास रिकामी करते. रिकामी होते म्हणून भरते. एवढंच गणित आहे. लाडवानं दूध वाढलं नाही. लाडवानं काय झालं ते त्या शेणात पडलंय, सलीमभाई दाखवतील."

सलीमभाईंनी तत्परतेनं काडी पुढं केली.

"आता हिच्याकडं बघा. मी माणसांची डॉक्टर नाही, पण ताप मला कळतो. पोरीचं अंग तव्यासारखं झालंय. छातीत गाठ आहे. दूध कमी नाही, जास्त आहे, ते बाहेर पडत नाही. लेकराला ठसका लागतोय, म्हणून ते रडतंय. आणि तुम्ही लाडू मोजताय! ही अशीच राहिली तर गळू होईल आणि मग पाजणंच बंद पडेल. म्हशीला दोन बादल्या पाणी आणि पोरीला फुलपात्र? लाज वाटत नाही?"

सुमनबाईंच्या हातातली ताटली खाली आली. त्या शीतलजवळ गेल्या, तिच्या कपाळाला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "काहून सांगितलं न्हाई गं, बाळा?"

कांताबाईंचे डोळे भरून आले. त्या आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. शीतल ते घटाघट प्यायली. सगळे बघत राहिले.

दवाखाना घनसावंगीला. आसारामभाऊंकडं मोटारसायकल. माझी स्कूटी. बसची वेळ होऊन गेलेली. सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं.

"दादा," बंडू म्हणाला, "गाडी काढू का?"

आसारामभाऊंनी खाली बघत मान हलवली. मग म्हणाले, "अन् तुझ्या म्हशीचा तो... रवंथ."

"घे ना. तिच्याजवळ लई हाय."

चंद्रीला सलाईन लावून मी सलीमभाईंना तिथं ठेवलं आणि जीपमध्ये पुढं बसले. माझं काम नव्हतं ते. पण मला या दोघींचा भरवसा नव्हता. माझी शंका खरी होती. मागं लेकराला घेऊन शीतल आणि दोघी विहिणी. जीप सुरू झाल्यावर मागून डब्याचं झाकण वाजलं. लांबचा प्रवास म्हणून दोघींनी आपापला डबा सोबत घेतला होता.

दवाखान्यात एक तरुण लेडी डॉक्टर होती. तिनं शीतलला तपासलं, औषध लिहून दिलं आणि सांगितलं, पाजणं अजिबात थांबवायचं नाही, दोन्ही बाजूंनी पाजायचं. सिस्टरनं शीतलला दाखवलं, आधी थोडं दूध हातानं काढून टाकायचं, जोर कमी झाला की लेकराला लावायचं. लेकराला लावलं. ठसका लागला नाही. ते प्यायलं, पीत राहिलं आणि पिता पिता झोपलं.

खोलीत आवाज नव्हता. मला नंतर शीतलनं सांगितलं, बाळंतपणापासूनची ती पहिली शांतता होती. ती हसत होती आणि रडतही होती. मी उगाच चष्मा पुसला.

मग कांताबाईंनी हळूच विचारलं, "मॅडम, लाडू?"

"द्या की," डॉक्टर म्हणाली. "आवडत असेल तर दिवसाला एक. खाऊ म्हणून. त्यात तूप-गूळ असतो, जास्त झालं तर पोट बिघडतं, वजन वाढतं. बाकी भाकरी, वरण, भाजी, आणि तहान लागेल तेवढं पाणी."

"मंग दूध कशानं येतं?" सुमनबाईंनी विचारलं.

"बाळ प्यायलं की येतं. जेवढं पितं तेवढं येतं."

सुमनबाईंनी माझ्याकडं बोट केलं. "हेच ह्या ढोराच्या बाई म्हणत होत्या."

"बरोबर सांगितलं त्यांनी."

"पण त्यांनी म्हशीवरून सांगितलं, म्हणून राग आल्ता," कांताबाई म्हणाल्या.

परत आलो तेव्हा चंद्री रवंथ करत होती. बंडूच्या म्हशीचा. बंडू जीप लावून आला आणि आसारामभाऊंशेजारी तिच्यापुढं बसला. दोघं बिड्या ओढू लागले. बोलत नव्हते, पण काडेपेटी एकच होती. मी साहेबांना फोन केला.

"सर, कारण कळलं. बाळंतपणाचे लाडू."

"म्हशीला बाळंतपणाचे लाडू घातले?"

"तीही बाळंतीणच आहे, सर."

साहेबांनी पुन्हा तोच उसासा टाकला. "अति खुराक म्हणून बंद करा केस," साहेब म्हणाले. "आणि मॅडम, कुठं बोलू नका."

शीतलचा ताप उतरला, गाठ गेली. पावडरीचा डबा न उघडता दुकानात परत गेला. सव्वा महिन्यानं बारसं झालं तेव्हा मला आणि सलीमभाईंना बोलावणं होतं. लेकराचे गाल असे गुबगुबीत झाले होते, की मला हसू आलं.

मला खुर्चीवर बसवलं. एका बाजूला कांताबाई, दुसऱ्या बाजूला सुमनबाई. दोघींच्या हातात ताटली.

"तुमच्यामुळं झालं समदं. घ्या, बाई. मेथीचा."

घेतला. खाल्ला. दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"आता आमचा. अळिवाचा."

तोही खाल्ला. लाडू उत्तम होते, दोन्ही, हे मुद्दाम सांगते. पण जड. पोटात धोंडा बसल्यासारखं झालं.

"अजून एक. जोडीनं घ्यावा."

आणि मी, बैलांवर ओरडणारी, साहेबांना उलटं बोलणारी बाई, काय म्हणाले असेन? काही नाही. "हो, घेते ना," असं काहीतरी पुटपुटले आणि हात पुढं केला. दोन माया करणाऱ्या बायका अशा समोर उभ्या राहिल्या की नको हा शब्द घशातून वर येतच नाही. त्या खोलीत शीतलनं मला सांगितलं होतं ते तेव्हा कळलं. मी नकळत खिडकीकडं बघितलं. गजांपलीकडं चंद्री उभी होती. तिनं माझ्या हातातल्या लाडवाकडं बघितलं आणि पाठ फिरवली.

"आई, आत्याबाई, पुरे," शीतल म्हणाली.

ती पाळण्याशी बसली होती. आवाज चढवला नाही, वर बघितलंही नाही. लेकराचं टोपडं नीट करता करता म्हणाली. "एकेक झाला त्यांचा. आता पाणी द्या."

मला वाटलं, आता पुन्हा सुरू होतंय. पण दोघींनी ताटल्या खाली ठेवल्या. कांताबाईंनी पाणी आणलं. तांब्याभर.

तेव्हा शिकवण विचाराल तर एवढीच. बाळंतिणीला लाडू जरूर द्या, दिवसाला एक, आणि ती पुरे म्हणाली की ताटली खाली ठेवा. म्हशीला अजिबात देऊ नका. सलीमभाईंबद्दल माझं मत राखून ठेवते. माझ्यासाठी बांधून दिलेले दोन्ही डबे त्या दिवशी तेच घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी पोटदुखीच्या रजेवर होते.